उत्तर समुद्राचा सांगावा

व्हायकिंग, फॉर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ. मग मधली पुष्कळ नावे ओलांडून शेवटी हेब्रिडीज, मिंचेस, बेली, फेअर आयल, फॅरोज आणि आग्नेय आइसलंड. विद्यार्थिमित्रहो, ही नावे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात शोधू लागाल तर काही सापडतील, काही मुळीच सापडणार नाहीत. कारण ही राज्ये नव्हेत आणि शहरेही नव्हेत. शेतकरी जसा आपल्या शिवारातल्या तुकड्यांना नावे देतो, तशी ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्राच्या तुकड्यांना दिलेली ही नावे आहेत. कोणाला बेटाचे नाव मिळाले, कोणाला खाडीचे, तर कोणाला पाण्याखाली दडलेल्या उथळ जागेचे. आज असे एकतीस तुकडे आहेत, आणि त्या प्रत्येकावर पुढील चोवीस तासांत वारा कसा वाहील, पाऊस पडेल की नाही, आणि किती दूरचे दिसेल, हे बी. बी. सी. वरून दररोज ठराविक वेळी सांगितले जाते. नाविकांसाठीचा हा हवामानाचा अंदाज एवढ्या मोठ्या समुद्राचा समाचार साधारण साडेतीनशे शब्दांत घेतो.

ही नावे मला प्रथम भेटली ती माझ्या मामांच्या वहीत. आम्ही बेळगावचे, म्हणजे घाटावरची माणसे. पावसाशी आमचा परिचय दाट, पण समुद्राशी केवळ पाहुणचारापुरता. माझे आजोळ मात्र वेंगुर्ल्याचे. मामा १९७० नंतरची काही वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी होते. नॉर्वेकडून निघून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालीत अटलांटिक महासागरात उतरणाऱ्या वाटेने त्यांनी अनेक फेऱ्या केल्या. जहाजावरचा बिनतारी अधिकारी अंदाज उतरवून घेई आणि तो कागद नकाशाच्या खोलीत टांगला जाई. मामांचे शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंतचे; पण त्यांनी ती सारी नावे क्रमाने देवनागरीत लिहून ठेवली होती, आणि प्रत्येक नावापुढे आपल्या समजुतीसाठी एकदोन शब्द. फेअर आयलपुढे त्यांनी लिहिले होते : ‘वारा बदलतो. झोपू नये.’

मामांच्या यादीतले काही तुकडे आता राहिलेले नाहीत. मिंचेस हा भाग १९८३ मध्ये हेब्रिडीजमध्ये मिळविला गेला. दक्षिणेकडील फिनिस्टेर या भागाला २००२ मध्ये फिट्झरॉय असे नवे नाव मिळाले. त्या फिट्झरॉयविषयी पुढे सांगावयाचे आहे. प्रथम मामांच्या त्या दोन शब्दांचा अर्थ पाहू.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तरेस पेंटलंडची सामुद्रधुनी आहे. ती ओलांडली की ऑर्कनी बेटे लागतात. त्यांच्याही पुढे, ईशान्येकडे, शेटलंडचा बेटसमूह पसरला आहे, आणि या दोहोंच्या मधोमध फेअर आयल हे चिमुकले बेट एकटे उभे आहे. शेटलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे शंभर बेटे. त्यांतील सोळांवर मनुष्यवस्ती. तेथे कोठेही उभे राहिले तरी समुद्र पाच किलोमीटरांहून दूर नसतो. हा प्रदेश साठ अंश उत्तर अक्षांशावर आहे. याच अक्षांशावर ग्रीनलंडचे दक्षिण टोक आहे. पण शेटलंडच्या किनाऱ्याचा समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही, कारण अटलांटिकच्या दक्षिण भागातून येणारा उष्ण प्रवाह त्याला ऊब देत असतो. उन्हाळ्यात दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा आणि रात्र म्हणजे नुसता संधिप्रकाश. हिवाळ्यात दिवस सहा तासांचाही नाही. झाडे मोजकीच. मेंढ्यांनी आणि वाऱ्याने ती फारशी वाढू दिलेली नाहीत.

आपल्याकडे वारा हा वर्षातून दोनदा आपले मन बदलतो. ज्येष्ठात नैऋत्येकडून आला की तो चार महिने मुक्कामाला. तेथे मात्र एका दिवसात चार दिशांचे वारे पाहावयास मिळतात. त्याचे कारण असे. दक्षिणेची उबदार, दमट हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांची गाठ नेमकी उत्तर अटलांटिकवर पडते. त्या झटापटीत कमी दाबाचे विशाल भोवरे निर्माण होतात आणि ते एकामागून एक आइसलंड व स्कॉटलंड यांच्या मधून पूर्वेकडे धावत जातात. भोवरा जवळ येऊ लागला की वायुभारमापकातील पारा उतरतो, वारा दक्षिणेकडून वाहू लागतो, ढग खाली येतात आणि संततधार लागते. मग वारा नैऋत्येस वळतो. हवा मवाळ होते, भुरभुर चालू राहते, आणि अननुभवी माणसाला वाटते की संकट टळले. एवढ्यात थंड हवेची कड येऊन पोहोचते. वारा एकदम वायव्येस फिरतो, हवा स्वच्छ होते, दूरचे कडे स्पष्ट दिसू लागतात, आणि त्या लख्ख उजेडातच सर्वांत जोराचे तडाखे बसतात. ‘झोपू नये’ असे मामांनी लिहिले, ते या वळणासाठी.

पेंटलंडच्या सामुद्रधुनीत तर आणखी एक वैरी दबा धरून असतो. भरती-ओहोटीच्या वेळी अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्यातील पाणी त्या चिंचोळ्या वाटेने नदीच्या महापुरासारखे धावते. ओघ एका दिशेने आणि वारा त्याच्या तोंडावर, असे झाले म्हणजे लाटा उंच आणि उभ्या होतात. म्हणून तेथील नाविकाला केवळ वाऱ्याचा जोर कळून भागत नाही. त्याची दिशा आणि ती बदलण्याची वेळ हीदेखील कळावी लागते.

आता या अंदाजाची भाषा पाहा. नमुन्यादाखल मीच एक वाक्य रचतो : ‘फेअर आयल. नैऋत्य सहा ते आठ, लवकरच वायव्येस वळेल. पाऊस, मग सरी. दृष्टी मध्यम, क्वचित अंधुक.’ यात क्रियापदे जवळजवळ नाहीत, विशेषणांची आरास नाही. ‘भयंकर’, ‘प्रलयंकारी’ असले शब्द येथे वर्ज्य. पण जे शब्द आहेत त्यांतील प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. सहा आणि आठ हे आकडे ब्यूफर्ट यांच्या मोजणीचे. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नाविक अधिकाऱ्याने १८०५ मध्ये शून्यापासून बारापर्यंत वाऱ्याच्या पायऱ्या आखल्या. आठ म्हणजे ताशी चौतीस ते चाळीस सागरी मैल. येथून वादळी वाऱ्याचा इशारा सुरू होतो. बारा म्हणजे चौसष्ट किंवा अधिक. वादळाच्या इशाऱ्यात ‘लवकरच’ म्हणजे सहा ते बारा तासांत; त्याहून आधी येणार असेल तर ‘आलेच’ या अर्थाचा निराळा शब्द आहे, आणि बारा तासांनंतर येणार असेल तर ‘नंतर’. दृष्टी ‘मध्यम’ म्हणजे दोन ते पाच सागरी मैलांपर्यंतचे दिसेल. वारा ‘वळेल’ या शब्दालाही दिशा आहे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणार असेल तर एक शब्द, उलट फिरणार असेल तर दुसरा.

आपण नित्य बोलताना ‘आत्ता येतो’ असे म्हणतो आणि तासाने येतो. ‘जवळच आहे’ असे सांगून पाहुण्याला दोन मैल चालवितो. यात कोणाचे फारसे बिघडत नाही. पण काळोखात, ओल्या कपड्यांनी, डोलणाऱ्या जहाजावर उभा असलेला माणूस ‘लवकरच’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला तासांचा हिशेब करावयाचा असतो. तेवढ्या वेळात बंदर गाठता येईल काय? मामा म्हणत, “आठ म्हटलां की आठच. नऊ सांगान घाबरवचा नाय, नि सात सांगान फसवचा नाय.” भाषेविषयीचा इतका उत्तम पाठ मला पुढे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळाला नाही.

ही मोजून बोलण्याची शिस्त कोणा पंडिताच्या मनात सहज उगवली नाही. तिची किंमत माणसांनी आपल्या प्राणांनी मोजलेली आहे. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज ऑस्ट्रेलियाहून सोने आणि उतारू घेऊन परतत होते. घर अगदी जवळ आले असता वेल्सच्या किनाऱ्यावर ते वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. त्याच वादळात आणखी शंभराहून अधिक जहाजे नष्ट झाली. त्या वेळी ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला गेला, त्याचे हेच कप्तान, आणि ब्यूफर्ट यांच्या मोजणीचा अधिकृत उपयोग प्रथम त्याच सफरीत झाला. फिट्झरॉय यांच्या मनाने घेतले की वादळ जर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी प्रवास करते, तर तारायंत्र त्याच्याही पुढे धावू शकेल. किनाऱ्यावरील ठाण्यांतून त्यांनी रोज तारेने वायुभार आणि वारा यांच्या नोंदी मागविण्यास आरंभ केला. १८६१ च्या फेब्रुवारीत पहिला वादळाचा इशारा निघाला. बंदरांच्या खांबांवर कापडी शंकू चढू लागले. टोक वर असेल तर वादळ उत्तरेचे, खाली असेल तर दक्षिणेचे. त्याच वर्षी १ ऑगस्टला ‘टाइम्स’ पत्रात सर्वसामान्यांसाठी पहिला अंदाज छापून आला.

फिट्झरॉय यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती की, हे भविष्यकथन नव्हे. निरीक्षण आणि गणित यांवरून बांधलेले हे मत आहे. परंतु लोकांनी त्याला भविष्यच मानले, आणि ते चुकले की थट्टा केली. स्वतःचे द्रव्य या कामी वेचून, थकलेल्या आणि खचलेल्या मनाने, फिट्झरॉय यांनी १८६५ मध्ये आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या समितीने या अंदाजांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असा निर्णय दिला आणि इशारे बंद झाले. पण ज्यांचे पोट समुद्रावर होते त्यांना ते हवे होते. १८६७ मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. वृत्तपत्रांतील अंदाज मात्र १८७९ मध्ये परतला.

या थट्टेमागे एक खरा पेच होता, आणि तो आजही सुटलेला नाही. वादळाचा इशारा दिला आणि वादळ आले नाही, तर हजारो कोळ्यांचा एक दिवस बुडतो. इशारा दिला नाही आणि वादळ आले, तर कोळीच बुडतात. सांगणाऱ्याची चूक दोन्हीकडे महागात पडते.

शेटलंडमधील यल नावाच्या बेटाच्या उत्तर टोकास ग्लूप हे खेडे आहे. तेथील लोक सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन मासेमारीसाठी खोल समुद्रात, किनारा दिसेनासा होईपर्यंत जात. १८८१ च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, अशाच होड्या बाहेर असताना अचानक उत्तरेकडून वादळ उठले. दहा होड्या आणि अठ्ठावन्न माणसे परत आली नाहीत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आयमाउथ गावी याहून मोठा अनर्थ घडला. त्या सकाळी आकाश निरभ्र होते आणि समुद्र शांत. बंदरातल्या वायुभारमापकाचा पारा मात्र फार खाली गेलेला होता. तो सर्वांनी पाहिला. पण आठवडाभर खराब हवेमुळे होड्या किनाऱ्यावरच होत्या. घरात पैसा नव्हता. ते गेले. दुपारपर्यंत आकाश काळे झाले. त्या दिवशी त्या किनाऱ्यावरचे १८९ कोळी मृत्यू पावले. त्यांतले १२९ एकट्या आयमाउथचे.

हा दुसरा प्रसंग मला अधिक अस्वस्थ करतो. ग्लूपच्या माणसांना कोणी सांगितले नाही. आयमाउथच्या माणसांना पाऱ्याने सांगितले होते. तेव्हा नुसते सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याला ऐकणे परवडले पाहिजे. ज्याच्या चुलीवर आज काही शिजणार नाही, त्याला ‘उद्या जा’ हा सल्ला उपासाचा वाटतो. आपल्याच किनाऱ्यावर, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून पुष्कळ कामगारांचे प्राण गेले. त्या वादळाची पूर्वसूचना अनेक दिवस आधी दिली गेली होती.

माझे आजोबा समुद्रातच गेले. आई तेव्हा पाच वर्षांची होती आणि मामा नऊ वर्षांचे. आश्विनातले दिवस होते, हवा चांगली होती, आणि ज्या मचव्यातून ते गेले तो परत आला नाही. गावात तेव्हा तारेची सोय होती. पण बंदरावर बावटा चढला की नव्हता, तो वाडीपर्यंत कोणी कळविला की नाही, हे पुढे कोणालाच धड सांगता आले नाही. आजी पुष्कळ वर्षे जगली. तिन्हीसांजेला ती मागील दारी उभी राही आणि डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाही. आम्हां मुलांना वाटे, आजी मावळतीची शोभा पाहते. पुढे ग्लूपच्या स्मारकाचे चित्र माझ्या पाहण्यात आले. मूल कडेवर घेतलेली एक दगडी बाई डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाहात उभी आहे. ते चित्र मी आईला दाखविले. ती काही बोलली नाही. बराच वेळ पाहात राहिली आणि मग चित्र पालथे ठेवून कामाला लागली.

मामा जहाजावर का गेले असे त्यांना कोणी विचारले तर ते पगाराचा आकडा सांगत. पण नोकरी सोडून गावी आल्यावर त्यांचा पहिला खर्च एका चांगल्या रेडिओवर झाला, हे मला ठाऊक आहे. मच्छीमारांसाठीचा इशारा लागला की ते तो पाटीवर खडूने लिहीत आणि पाटी पडवीबाहेर टांगीत : दिशा, जोर, केव्हापासून केव्हापर्यंत. वाडीतले काही जण हसत. “मामा, कालचा वारा खंय गेलो?” असे कोणी विचारले की मामा शांतपणे आदल्या दिवसाची नोंद काढून दाखवीत, आणि चुकली असेल तर चुकली म्हणून तीवर काट मारलेली असे. तीन नंबरचा बावटा चढलेल्या दिवशी मात्र हसणारेही पाटीजवळ येऊन उभे राहत.

पंचांगात मृगाचे वाहन काय आहे, बेडूक की हत्ती, हे आमच्या घरी आवडीने वाचले जाते आणि मीही ते वाचतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा पावसाविषयीचा जिव्हाळा आहे. पण वर्षाच्या आरंभी छापलेले वाहन वर्षभर बदलत नाही. हवामानाच्या अंदाजाचे मोठेपण याच्या उलट आहे. तो सकाळी एक सांगतो, आणि नव्या नोंदी आल्या की सायंकाळी स्वतःचे बोलणे सुधारतो. १९९३ च्या जानेवारीत ‘ब्रेअर’ नावाचे तेलवाहू जहाज शेटलंडच्या दक्षिण टोकावर फुटले आणि सुमारे ८५,००० टन तेल समुद्रात गेले. त्यानंतर पाच दिवसांनी स्कॉटलंड व आइसलंड यांच्या दरम्यान वायुभार सुमारे ९१४ मिलिबारपर्यंत उतरला. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाच्या केंद्राशी तुलना करावी असा तो आकडा. त्या प्रचंड लाटांनीच पुष्कळसे तेल फोडून विखुरले. निसर्ग हा मित्रही नव्हे आणि शत्रूही नव्हे. त्याचे लक्षच आपल्याकडे नसते. म्हणून आपण एकमेकांकडे लक्ष ठेवावयाचे.

तुमच्यापैकी ज्यांनी एखाद्या वेधशाळेस भेट दिली असेल त्यांना ठाऊक असेल की, आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठ वाजता पाहतात. ही वेळ मनास येईल तशी ठरविलेली नाही. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळांनी नोंदी करण्याच्या ठराविक वेळांपैकी ती एक आहे. शेटलंडची राजधानी लर्विक येथे १९२१ पासून वेधशाळा आहे. आपण पावसाचे पाणी मोजतो त्याच क्षणी तेथील वायुभार आणि वारा यांचीही नोंद होत असते. अशा असंख्य आकड्यांतून उद्याचा अंदाज तयार होतो. तो आकडा नोंदविणाऱ्या माणसाला कोणते जहाज त्यावर वाट ठरविणार हे माहीत नसते, आणि जहाजावरच्या माणसाला तो कोणी नोंदविला हे माहीत नसते. म्हणूनच तो नेमका असावा लागतो.

शाळेतल्या नोंदवहीत पाऊस लिहिण्याची पाळी ज्याची असेल, त्याने पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे, आणि बारा पूर्णांक चार मिलिमीटर पाऊस पडला असेल तर बारा पूर्णांक चारच लिहावे.